रक्ताच्या थेंबामागून

मुलाचा ज्वर उतरेना, की वैद्य रक्त तपासावयास सांगतात. सुईने चमचाभर रक्त काढले जाते, सायंकाळी अहवाल येतो व औषध सुरू होते. त्या सुईचे, नळीचे व हातमोज्यांचे पुढे काय झाले, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. तीच सुई उकिरड्यावर पडली, तर कचरा वेचणाऱ्याच्या बोटात शिरून त्याला रक्तातून पसरणाऱ्या काविळीची बाधा होऊ शकते. म्हणूनच भारत सरकारच्या 2016 च्या नियमांनुसार सुई पांढऱ्या, टणक डब्यात आणि प्लास्टिकची नळी तांबड्या पिशवीत टाकावी लागते. रक्ताचे नमुने व तपासणीसाठी वाढविलेले जंतू यांना तर प्रयोगशाळेतच निर्जंतुक करावे लागते. दाबाखालील 121 अंश सेल्सिअसची वाफ हे काम चोख करते. सारेच जाळून टाकणे सोपे वाटेल खरे; परंतु क्लोरीनयुक्त प्लास्टिक जळताना डायऑक्सिन नावाची विषारी द्रव्ये हवेत मिसळतात. वाफेलाही पाणी व वीज लागतेच, आणि नमुने राखणारी शीतकपाटे रात्रंदिवस चालू असतात. जुना अहवाल हरवला म्हणून तीच तपासणी पुन्हा केली, की नवी सुई, नवी नळी व नवे हातमोजे लागतात.