भूल न देता दंतसफाई : दात पांढरे, दुखणे कायम

कुत्र्याच्या किंवा मांजराच्या तोंडाला दुर्गंधी येऊ लागली, दातांवर पिवळट-तपकिरी कीटण दिसू लागले, की दात स्वच्छ करून घेण्याचा सल्ला मिळतो. मात्र त्यासाठी पूर्ण भूल द्यावी लागेल, असे पशुवैद्यकाने सांगताच अनेक मालकांच्या पोटात गोळा येतो. नेमक्या याच भीतीवर अमेरिका आणि कॅनडात भूल न देता दंतसफाई करण्याचा व्यवसाय फोफावला. खर्च कमी आणि जोखीम नाही, असा त्याचा दावा असतो. अमेरिकन व्हेटर्नरी डेंटल कॉलेज या पशुदंततज्ज्ञांच्या संस्थेचा मात्र या प्रकाराला स्पष्ट विरोध आहे.

दातांवर साचणारा जिवाणूंचा चिकट थर लाळेतील क्षारांमुळे काही दिवसांतच टणक होतो. हेच कीटण. डोळ्यांना दिसते ते हिरडीवरचे. दाताला धरून ठेवणारे हाड झिजते ते हिरडीखाली साचलेल्या जिवाणूंमुळे. जागे असलेले जनावर धरून ठेवून दात खरवडले, तर वरचे कीटण निघते. मात्र हिरडीखाली आणि दातांच्या आतल्या बाजूस हत्यार नीट पोहोचत नाही. जनावराने मान झटकल्यास इजा होते, ती वेगळीच.

भूल दिल्यावर श्वासनलिकेत नळी बसवली जाते, त्यामुळे पाणी आणि जंतू फुप्फुसांत जात नाहीत. कुत्र्याचे ४२ आणि मांजराचे ३० दात एकेक करून तपासता येतात, क्ष-किरण छायाचित्रे घेता येतात. या छायाचित्रांचे महत्त्व कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवून दिले. वरकरणी दोष न दिसलेल्या कुत्र्यांपैकी सुमारे २८ टक्के आणि मांजरांपैकी सुमारे ४२ टक्क्यांमध्ये त्यांना दखल घेण्याजोगे विकार आढळले. पांढरे दात पाहून मालक निर्धास्त होतो आणि असा विकार आत वाढत राहतो. अखेरीस दात काढण्याची वेळ येते. तीही भूल देऊनच.

भुलीची भीती अनाठायी आहे, असे नव्हे. ब्रिटनमधील २००८ च्या मोठ्या पाहणीत निरोगी कुत्र्यांमध्ये सुमारे दोन हजारांत एक, तर निरोगी मांजरांमध्ये सुमारे नऊशेंत एक मृत्यू नोंदवला गेला. आजारी जनावरांमध्ये हे प्रमाण कितीतरी अधिक होते. म्हणूनच आधी रक्ततपासणी, हृदयाची तपासणी आणि भुलीदरम्यान सतत देखरेख, यांबाबत पशुवैद्यकाकडे आग्रहाने विचारणा करावी.

भूल न देता करण्याजोगी सफाई एकच, ती म्हणजे घरी रोज मऊ ब्रशने दात घासणे. त्यासाठी प्राण्यांसाठीचीच टूथपेस्ट वापरावी. माणसांच्या काही टूथपेस्टमध्ये असणारे झायलिटॉल कुत्र्यांसाठी विषारी असते. लहानपणापासून सवय लावल्यास भूल देण्याची वेळ कमी वेळा येते.