माहूरचा गाळ आणि कोरिंगाची दलदल

माहूरजवळून वाहणाऱ्या पैनगंगेचा समुद्राशी काही संबंध असेल, हे रेणुकामातेच्या दर्शनाला येणाऱ्या भाविकांच्या सहसा ध्यानी येत नाही. मराठवाड्याला सागरकिनारा नाही. तथापि पैनगंगा वर्धेला मिळते, वर्धा आणि वैनगंगा यांच्या संगमातून प्राणहिता होते आणि प्राणहिता गोदावरीत विलीन होते. पावसाळ्यात माहूरच्या परिसरातून वाहून जाणाऱ्या काळ्या मातीचा काही अंश अखेर आंध्र प्रदेशात, बंगालच्या उपसागराच्या मुखाशी जाऊन विसावतो.

तेथेच, काकीनाड्यानजीक, कोरिंगाचे अभयारण्य आहे. १९७८ मध्ये घोषित झालेले हे अभयारण्य खारफुटीसाठी आणि 'फिशिंग कॅट' या मासेखाऊ रानमांजरासाठी विख्यात आहे. मात्र खारफुटीच्या मागे, जमिनीच्या बाजूला, खाऱ्या दलदलीचे पट्टे पसरलेले असतात. मोठ्या भरतीचे पाणी येथे अधूनमधून येऊन जाते. उंच झाडे नसतात. असतात ती खारे पाणी सोसणारी गवते आणि मांसल पानांची बुटकी झुडपे. कोकणात भाजी म्हणून खाल्ली जाणारी 'मोरस' ही याच कुळीची वनस्पती.

अशी जमीन पाहणाऱ्याला पडीक वाटते आणि हाच तिच्यापुढचा खरा धोका आहे. किनारा नियमन क्षेत्राच्या २०११ आणि २०१९ च्या अधिसूचनांत खारफुटीबरोबर खाऱ्या दलदलींचाही अतिसंवेदनशील वर्गात स्वतंत्र उल्लेख आहे. परंतु दलदल नेमकी कोठे आहे, याची नोंद नकाशावर नसेल तर कायद्याचे संरक्षण कागदावरच राहते. उपग्रहाच्या छायाचित्रात विरळ झुडपांची दलदल आणि ओसाड खारपड जमीन पुष्कळदा सारखीच दिसते. त्यामुळे प्रत्यक्ष पाहणीला पर्याय नाही.

पाहणी कशी होते?

ओहोटीचे वेळापत्रक पाहून कामाचे तास ठरतात. खाडीच्या काठापासून जमिनीच्या दिशेने सरळ दोरी आखली जाते. तिच्यावर ठरावीक अंतराने एक मीटर लांबी-रुंदीची चौकट ठेवून आतील वनस्पतींच्या जाती आणि त्यांनी व्यापलेली जागा नोंदवली जाते. त्याच ठिकाणी मातीतील क्षारांचे प्रमाण मोजतात, खेकड्यांची बिळे मोजतात आणि नळीने चिखलाचा उभा नमुना काढतात. भरतीच्या वेळी पक्षी उंचवट्यांवर एकत्र येतात. तेव्हा त्यांची गणना सोपी जाते.

सर्वांत महत्त्वाचे मोजमाप असते ते जमिनीच्या उंचीचे. चिखलावर पांढऱ्या खनिजाच्या भुकटीचा पातळ थर पसरून ठेवतात. वर्ष-दोन वर्षांनी त्यावर किती गाळ साचला, ते कापून पाहतात. खोल घट्ट थरापर्यंत रोवलेल्या धातूच्या दांड्यावरून पृष्ठभाग वर आला की खचला, हेही मिलिमीटरमध्ये कळते. एका फेरीत याचे उत्तर मिळत नाही. त्याच जागी वर्षानुवर्षे परत जावे लागते.

प्रश्न गाळाचा

ही उंची एवढी मोलाची का? १९०१ ते २०१८ या काळात जगभरात समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटरने वाढली. दलदल टिकायची तर तिनेही त्याच गतीने उंच व्हायला हवे. त्यासाठी लागतो नदीचा गाळ. गोदावरीने समुद्राला दिलेल्या गाळाचे प्रमाण मात्र १९७० च्या दशकाच्या तुलनेत निम्म्याहून अधिक घटले असून, त्रिभुज प्रदेशाच्या किनाऱ्याची काही ठिकाणी धूप होत आहे. खोऱ्यातील धरणांत अडकणारा गाळ हे त्याचे प्रमुख कारण मानले जाते. पैनगंगेवरील इसापूर, गोदावरीवरील जायकवाडी आणि श्रीरामसागर ही त्यांतली काही नावे.

या धरणांविना मराठवाड्याची तहान आणि शेती भागणार नाही, हे उघड आहे. पण जलाशयात साचलेला गाळ दोन्ही टोकांना नुकसान करतो: येथे साठवणक्षमता घटते, तेथे किनारा उपाशी राहतो. १८३९ च्या चक्रीवादळात कोरिंगा बंदर उद्ध्वस्त झाले होते. अशा वादळांच्या लाटांचा जोर कमी करणारे पहिले कवच म्हणजे खारफुटी आणि तिच्यामागची दलदल.

म्हणूनच किनाऱ्यावरील पाहणीच्या नोंदी आणि धरणांतील गाळाची मोजणी शेजारी ठेवून वाचण्याची गरज आहे. आज ही कामे वेगवेगळी खाती आपापल्या परीने करतात. नदी मात्र एकच आहे. कोरिंगाच्या चिखलात रोवलेला दांडा काही अंशी माहूरच्या वरच्या अंगाला काय घडले, याचीच नोंद घेत असतो.