विश्लेषण : यशस्वी जयस्वालचे वेगळेपण कशात?

यशस्वी जयस्वालचे नाव निघाले की आझाद मैदानावरील तंबूची गोष्ट सांगितली जाते. ती खरी आहे, पण अपुरी. उत्तर प्रदेशातील भदोहीतून लहानपणीच मुंबईत आलेला हा डावखुरा सलामीवीर वेगळा ठरला तो मोठ्या खेळींमुळे.

सुरुवात कशी झाली?
२०१९ मध्ये विजय हजारे करंडक स्पर्धेत झारखंडविरुद्ध २०३ धावा केल्या, तेव्हा तो अवघ्या १७ वर्षांचा होता. २०२० च्या १९ वर्षांखालील विश्वचषकात ४०० धावांसह तो स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडू ठरला.

कसोटीत काय घडले?
जुलै २०२३ मध्ये डॉमिनिकात वेस्ट इंडिजविरुद्ध पदार्पणातच त्याने ३८७ चेंडू खेळून १७१ धावा केल्या. २०२४ मध्ये इंग्लंडविरुद्ध विशाखापट्टणमला २०९, लगेच पुढच्या कसोटीत राजकोटला नाबाद २१४. मालिकेत एकूण ७१२ धावा! एका कसोटी मालिकेत सातशेचा टप्पा त्याआधी सुनील गावस्कर या एकाच भारतीयाने ओलांडला होता.

तरीही जागा पक्की का नाही?
त्याच वर्षी टी-ट्वेन्टी विश्वचषकाच्या संघात निवड होऊनही त्याला एकही सामना खेळायला मिळाला नाही. भारतीय संघात सलामीसाठी स्पर्धाच तशी आहे. तिथे संघर्षाची कहाणी नव्हे, पुढची खेळी मोजली जाते.