तवक्कल म्हणजे भरवसा

गल्लोगल्ली कॅमेरे लागले, पण मनातली धास्ती गेली नाही. भाड्याने घर देताना आधी आडनाव विचारले जाते. अशा काळात रोजेदाराला ‘तवक्कल’ म्हणजेच अल्लाहवरचा भरवसा काय शिकवतो?

तवक्कल म्हणजे हातावर हात धरून बसणे नव्हे. इ.स. ६२२ मध्ये प्रेषित मुहम्मद (स.) मक्केहून मदीनेला निघाले, तेव्हा वैरी जिवावर उठले होते. मदीना उत्तरेला, प्रेषित मात्र दक्षिणेकडील सौर पर्वताच्या गुहेत तीन रात्री थांबले. वाटाड्या म्हणून त्यांनी अब्दुल्लाह बिन उरैकित याला मजुरीवर ठरवले. तो मुसलमान नव्हता. तरीही स्वारीचे दोन्ही उंट त्याच्या हवाली केले. प्रेषितांना पकडणाऱ्यास १०० उंटांचे बक्षीस लागले होते. वाटाड्या मात्र ठरल्या वेळी हजर झाला. इकडे मक्केतल्या लोकांच्या ठेवी परत करण्यासाठी हजरत अली (रजि.) मागे थांबले होते.

अल्लाहवर भरवसा ठेवणारा सावध राहतो, पण माणसाचा धर्म पाहून संशय घेत नाही. आणि वैऱ्याची ठेवही बुडवत नाही.