पेट्रोलची वाफ केली, तर गाडी तिप्पट धावेल?

बपेरा (जि. भंडारा) - तुमसर तालुक्यात मध्य प्रदेशच्या सीमेलगत वसलेल्या बपेऱ्यासारख्या गावात दुचाकी ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. तालुक्याचा बाजार, दवाखाना, महाविद्यालय आणि रोजची मजुरी, सारेच तिच्यावर अवलंबून असते. त्यामुळे गाडी नवी असो वा जुनी, पहिला प्रश्न ‘अ‍ॅव्हरेज किती?’ हाच असतो. या प्रश्नाचे एक मोहक उत्तर भ्रमणध्वनीवरील चित्रफितींमधून फिरत असते. बाटलीत पेट्रोल भरायचे, त्यात हवेचे बुडबुडे सोडायचे आणि तयार होणारी वाफ नळीवाटे इंजिनाला द्यायची. मग एका लिटरमध्ये दीडशे किलोमीटर, असा दावा केला जातो. या दाव्याच्या मुळाशी विज्ञानातील एक सत्य आहे. मात्र त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे.

जळते ती वाफच

द्रवरूप पेट्रोल जळत नाही. जळते ती त्याची हवेत मिसळलेली वाफ, हे खरे आहे. 1 किलो पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी सुमारे 14.7 किलो हवा लागते आणि हे मिश्रण जितके एकजीव, तितके ज्वलन चांगले होते. म्हणूनच कार्ब्युरेटर किंवा इंजेक्टर पेट्रोलचे बारीक थेंब करतो. थेंबाचा व्यास निम्मा झाला, की तेवढ्याच पेट्रोलचा पृष्ठभाग दुप्पट होतो आणि बाष्पीभवन वेगाने घडते. गरम झालेल्या, नीट जुळवलेल्या इंजिनात ठिणगी पडण्यापूर्वीच बहुतेक पेट्रोलची वाफ झालेली असते.

पाच टक्क्यांचा हिशेब

अशा इंजिनात आत गेलेल्या पेट्रोलपैकी साधारणपणे 95 टक्के किंवा त्याहून अधिक इंधन जळते. समजा, 50 किलोमीटरचा अ‍ॅव्हरेज देणाऱ्या गाडीत उरलेले 5 टक्केही जाळता आले, तरी हा आकडा जेमतेम 52 ते 53 पर्यंत जाईल. दीडशेपर्यंत तो कदापि जाणार नाही.

मग उरलेली ऊर्जा जाते कुठे? पेट्रोलमधील ऊर्जेचा साधारण चौथा हिस्सा चाकापर्यंत पोहोचण्याजोग्या कामात उतरतो. बाकीची बहुतेक ऊर्जा सायलेन्सरमधून गरम धुराबरोबर आणि इंजिनाच्या भिंतींमधून उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. काही घर्षणात जाते. म्हणजे तोटा न जळलेल्या पेट्रोलचा नसून जळून निर्माण झालेल्या उष्णतेचा आहे. अ‍ॅव्हरेज तिप्पट करायचा, तर इंजिनाची कार्यक्षमता 75 टक्क्यांवर न्यावी लागेल. जहाजांची अजस्र डिझेल इंजिनेही 50 टक्क्यांच्या आसपासच थांबतात.

दावा जुनाच

ही कल्पना नवी नाही. 1930 च्या दशकात कॅनडातील विनिपेग येथील चार्ल्स नेल्सन पोग यांनी वाफेवर चालणाऱ्या कार्ब्युरेटरचे पेटंट घेतले. त्याच्या नावावर गॅलनमागे 200 मैलांचे दावे झाले. पण स्वतंत्र चाचणीत ते कधीही सिद्ध झाले नाहीत. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने इंधनबचतीच्या शंभराहून अधिक उपकरणांची तपासणी केली. त्यांपैकी मोजक्याच उपकरणांनी किंचित बचत दाखविली.

मग चित्रफितीतील गाडी चालते कशी? बहुधा ती स्टँडवर उभी असते. भाराविना मंद चालणाऱ्या इंजिनाला पेट्रोल फारच थोडे लागते. शिवाय पेट्रोल हा अनेक घटकांचा मेळ आहे. त्यातील हलके घटक सुमारे 35 अंश सेल्सिअसपासून उकळू लागतात, तर जड घटकांना 200 अंशांच्या आसपास तापमान लागते. बुडबुड्यांबरोबर आधी हलके घटक उडून जातात आणि गाडी छान सुरू होते. जड घटक मात्र बाटलीतच उरतात आणि थोड्या वेळाने मिश्रण बिघडते.

विदर्भाच्या उन्हात उलटा परिणाम

हवा व पेट्रोल जास्त तापविणे इंजिनाला मानवतही नाही. गरम हवा विरळ असल्याने सिलिंडरमध्ये कमी मावते आणि गाडीची ओढ घटते. मिश्रण वेळेआधी पेटून इंजिनातून ठोके ऐकू येऊ लागतात. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्या भर उन्हात बंद पडत, त्यामागे अनेकदा नळीतच पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा तुटणे हेच कारण असे. म्हणूनच भारतीय मानक आयएस 2796 मध्ये पेट्रोलच्या बाष्पदाबाला मर्यादा घालून दिलेली आहे.

बाष्पीभवनाचा खरा लाभ

याचा अर्थ बाष्पीभवन महत्त्वाचे नाही, असा नव्हे. थंडीतील सकाळी इंजिन गार असताना पेट्रोल भिंतींना चिकटून राहते. त्याची पुरेशी वाफ होत नाही, म्हणून चोक ओढून जास्त पेट्रोल द्यावे लागते. खरी नासाडी या पहिल्या काही मिनिटांत होते. देशभर 1 एप्रिल 2020 पासून भारत स्टेज-6 निकष लागू झाले आणि दुचाकींमध्ये कार्ब्युरेटरची जागा इंजेक्टरने घेतली. धुरातील प्राणवायू मोजणारा सेन्सर पेट्रोलचे प्रमाण क्षणोक्षणी सुधारतो. अशा गाडीत बाहेरून वाफ सोडली, तर हा हिशेबच कोलमडतो.

पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल मिसळू लागल्यापासून हा विषय अधिक महत्त्वाचा ठरला आहे. इथेनॉलची वाफ होण्यास पेट्रोलच्या दुपटीहून अधिक उष्णता लागते आणि लिटरमागे त्याची ऊर्जा सुमारे एक तृतीयांशाने कमी असते. परिणामी, गार इंजिन सुरू होण्यास वेळ लागू शकतो आणि अ‍ॅव्हरेजही काहीसा घटतो.

आगीशी खेळ

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती जमिनीलगत साचते. हवेत तिचे प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास झाले, तरी एक ठिणगी भडका उडविण्यास पुरेशी असते. पायांजवळ पेट्रोलची बाटली आणि शेजारी तापलेला सायलेन्सर, ही रचना म्हणजे चालता-फिरता अपघातच होय. शिवाय उत्पादकाने ठरविलेल्या रचनेत बदल करण्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार बंधने आहेत.

साधे उपायच खरे

बचतीचे खरे मार्ग साधे आहेत. टायरमधील हवा योग्य ठेवणे, एअर फिल्टर व प्लग वेळेवर साफ करणे वा बदलणे, ब्रेक घासत नाहीत ना हे पाहणे, साखळीला तेल देणे, ताशी 45 ते 55 किलोमीटरचा स्थिर वेग राखणे आणि थांबल्यावर इंजिन बंद करणे. 1978 मध्ये स्थापन झालेली पेट्रोलियम संरक्षण संशोधन संस्था अशाच सवयींचा प्रसार करीत आली आहे. या उपायांनी अ‍ॅव्हरेज तिप्पट होणार नाही. पण जी बचत होईल ती खरी असेल, आणि तिच्यासाठी जीव धोक्यात घालावा लागणार नाही.