अल्पगुरुत्वातील द्रायूंवरील संशोधन

अल्पगुरुत्वातील द्रायूंवरील संशोधन : वजनाचा परिणाम जवळजवळ नाहीसा झाला असता द्रव व वायू (द्रायू) कसे वागतात, याचा अभ्यास. ‘शून्य गुरुत्व’ हा रूढ शब्द काहीसा फसवा आहे. सु. ४०० किमी. उंचीवरून फिरणाऱ्या आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकापाशी गुरुत्वीय प्रवेग भूपृष्ठावरील मूल्याच्या सु. ८९% असतो. मात्र स्थानक व त्यातील सर्व वस्तू एकत्रच मुक्तपणे पडत असल्यामुळे द्रवाचा भार पात्राच्या तळावर पडत नाही आणि एरवी दुर्बल भासणारा पृष्ठताण प्रभावी ठरतो. भूपृष्ठावर पाण्याच्या बाबतीत पृष्ठताणाचा पगडा सु. २·७ मिमी. अंतरापर्यंतच असतो, प्रवेग दशलक्षांशाने उरला, तर हेच अंतर सु. २·७ मी. होते. म्हणजे दवबिंदूत दिसणारे वर्तन मोठ्या टाकीत दिसू लागते.

याचे व्यावहारिक महत्त्व अवकाशयानाच्या इंधन टाकीत प्रथम लक्षात आले. कक्षेत असताना द्रव इंधन टाकीच्या तळाशीच राहील याची शाश्वती नसते. नळीत द्रवाऐवजी वायू शिरल्यास एंजिन पुन्हा प्रज्वलित होणे धोक्यात येते. २४ मे १९६२ रोजी स्कॉट कार्पेंटर यांच्या ऑरोरा–७ या यानातून एका काचगोलात द्रव भरून पाठविण्यात आला व त्यातील केशनळीकडे तो कसा ओढला जातो, हे पाहण्यात आले. ५ जुलै १९६६ रोजी सॅटर्न अग्निबाणाच्या एएस–२०३ या उड्डाणात द्रव हायड्रोजनाचे कक्षेतील वर्तन तपासण्यात आले. पुढे चंद्राकडे निघताना याच प्रकारच्या टप्प्याचे एंजिन कक्षेत पुन्हा पेटवावयाचे होते.

असे प्रयोग दरवेळी अवकाशात करणे परवडत नाही. पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या दृष्टीने तर ते बहुधा अशक्यच असते, कारण एका उड्डाणाची वाट पाहण्यात त्याच्या अभ्यासाची सर्व वर्षे निघून जातील. म्हणून पतन मनोऱ्याचा अवलंब करतात. यात प्रयोगाची पेटी उंचावरून सोडतात व पडतानाचे काही सेकंद चित्रित करतात. हवेचा रोध टाळण्यासाठी ती दुसऱ्या बाह्य पेटीच्या आत पडू देतात किंवा नळकांड्यातील हवाच काढून घेतात. पतनकाल उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढत असल्याने दुप्पट वेळासाठी चौपट उंची लागते. अमेरिकेत क्लीव्हलँड येथील नासाच्या केंद्रातील २४ मी. पतनात २·२ से., तर तेथीलच १३२ मी. पतनात ५·१८ से. मिळतात. जर्मनीतील ब्रेमेनच्या मनोऱ्यात पेटी खालून वर फेकण्याची सोय २००४ मध्ये झाली आणि जाण्यायेण्याचे मिळून सु. ९·३ से. मिळू लागले. पोर्टलंड स्टेट विद्यापीठाच्या मनोऱ्यात सु. २·१ से.च मिळतात, परंतु तो विद्यापीठाच्या आवारातच असल्याने विद्यार्थ्याला एखादा प्रयोग फसला तरी त्यात फेरबदल करून तो लगेच पुन्हा करता येतो. सेकंदांच्या संख्येपेक्षा ही सोय अधिक मोलाची म्हणावी लागेल.

दोन सेकंदांत काय साधते, याचे उत्तम उदाहरण कोपऱ्यातील प्रवाहाचे आहे. पॉल काँकस व रॉबर्ट फिन या गणितज्ञांनी १९६९ मध्ये असे दाखविले की, कोपऱ्याचा अर्धकोन व द्रवाचा स्पर्शकोन यांची बेरीज ९०° पेक्षा कमी असल्यास वजनरहित स्थितीत द्रव त्या कोपऱ्यात स्थिर न राहता त्याच्या कडेने पसरत जातो. हा प्रवाह किती वेगाने पुढे सरकतो, हा प्रश्न मार्क वाइसलोगल यांनी नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील आपल्या डॉक्टरेटच्या संशोधनासाठी घेतला. लांब कोपऱ्यात द्रवाचे टोक कालाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात पुढे जाते, हे त्यांनी सेथ लिख्टर यांच्यासमवेत १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात सिद्धांत व पतनप्रयोग यांच्या साहाय्याने मांडले. पंपाविना द्रव हवा तेथे नेणाऱ्या पात्यांचा व टाक्यांचा आकार ठरविण्यास असे नियम उपयोगी पडतात.

नोव्हेंबर २००८ मध्ये डोनल्ड पेटिट यांनी स्थानकावर प्लॅस्टिकचा पत्रा दुमडून टोकदार कोपऱ्याचा पेला बनविला. कॉफी त्या कोपऱ्यातून आपोआप ओठांपर्यंत येई. हा चमत्कार नसून वरील नियमाचाच आविष्कार होय.

हेच वर्तन प्राणघातकही ठरू शकते. १६ जुलै २०१३ रोजी लूका पार्मितानो हे स्थानकाबाहेर काम करीत असता त्यांच्या शिरस्त्राणात १ लिटरहून अधिक पाणी साचले. पाणी व वायू वेगळे करणाऱ्या यंत्रणेतील बारीक छिद्रे बुजल्यामुळे ते वायुमार्गात शिरले होते. खाली ओघळण्याऐवजी ते डोळे, कान व नाक यांना चिकटून पसरले आणि त्यांना जवळजवळ अंधपणे परतावे लागले.

भारतात मद्रास येथील भारतीय तंत्रविद्या संस्थेत २·५ से.चा पतन मनोरा असून तेथे मुख्यत्वे ज्वलनाचे संशोधन चालते. तप्त वायू वर चढणे थांबले म्हणजे ज्योत निमुळती न राहता गोलाकार होते. यानातील आगीचा प्रतिबंध करण्यासाठी हे ज्ञान आवश्यक आहे.