पारनेरची विहीर ध्रुवाकडे, नागपूर थेट बार्डोलीत! नकाशाचं पहिलं सॉफ्टवेअर निवडताना

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या पारनेरच्या विहिरींची यादी घ्या. अक्षांश १९ च्या आसपास, रेखांश ७४.४३ च्या. नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये भरताना या दोन रकान्यांची अदलाबदल झाली, तर विहिरी कुठे जातात माहीत आहे? नॉर्वेची मुख्य भूमी आणि स्पिट्सबर्गन यांच्यामधल्या बर्फाळ बेअर आयलंडवर! आजूबाजूच्या समुद्रात नव्हे, नेमक्या बेटावर. तिथे नॉर्वेचं हवामान केंद्र आहे, त्यातली मोजकी माणसं आहेत आणि समुद्रपक्ष्यांचे थवे आहेत. राळेगणसिद्धीही तिथेच पोचते. पुण्या-मुंबईच्या वाट्याला मात्र नुसता समुद्र येतो.

ही गफलत होते कशी? आपण तोंडाने 'अक्षांश-रेखांश' म्हणतो आणि त्याच क्रमाने लिहितो. सॉफ्टवेअर आधी एक्स मागतं, म्हणजे रेखांश, आणि मग वाय. रकाना रिकामा राहून शून्य-शून्य धरला गेला, तर ठिपका आफ्रिकेशेजारी गिनीच्या आखातात पडतो. अशा भरकटलेल्या ठिपक्यांचा मुक्काम म्हणून नकाशावाल्यांनी त्या जागेला 'नल आयलंड' हे नावच देऊन टाकलंय. 'नॅचरल अर्थ' या मोफत नकाशासंचात तर तिथे एक चौरस मीटरचं काल्पनिक बेटही काढलेलं आहे, चुका पटकन सापडाव्यात म्हणून!

म्हणूनच पहिलं सॉफ्टवेअर निवडताना बटणं किती आहेत हे मोजत बसू नका. चूक झाली तर ती दिसते का आणि ती सुधारायची सोय हाताशी आहे का, एवढं आधी पाहा.

अलास्कातून आलेलं, फुकट

या कसोटीवर मी नवख्या माणसाच्या हातात डोळे झाकून क्यूजीआयएस देईन. गॅरी शेर्मन यांनी ते २००२ मध्ये अलास्कात लिहायला घेतलं. आज जगभरातले लोक मिळून ते वाढवतात. विंडोज, मॅक, लिनक्स, तिन्हींवर चालतं आणि एक रुपयाही लागत नाही. आवृत्त्यांची नावंही झकास. बहुतेकदा कार्यकर्ते जिथे जमतात त्या गावाचं नाव मिळतं. २.४ ला शेर्मन यांच्या अलास्कातल्या 'चुगियाक'चं नाव मिळालं, आणि ३.१४ ला अर्थातच 'पाय'! उतरवून घेताना 'लाँग टर्म रिलीज' हा शिक्का असलेली आवृत्ती घ्या. तिच्यात नव्या गमती कमी आणि स्थैर्य जास्त. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्यूटोरियल' प्रकल्पात क्यूजीआयएसचे धडेही मोफत आहेत.

नर्सरीवाल्यांच्या घरातला मुलगा

पैसे मोजून घ्यायच्या दुनियेतला दादा म्हणजे आर्कजीआयएस. ते बनवणारी एझ्री ही कंपनी जॅक आणि लॉरा डेंजरमंड या दांपत्याने १९६९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या रेडलँड्सला काढली. जॅक यांच्या आईवडिलांची रोपवाटिका होती. ज्या कार्यालयात नोकरी करायची तिथे हेच वापरत असतील, तर हेच शिका. मात्र आर्कजीआयएस प्रो फक्त विंडोजवर चालतं. आणि जुनी पुस्तकं चाळून याच कंपनीचं जुनं आर्कमॅप शिकायला बसू नका. त्याच्या निवृत्तीसाठी कंपनीने १ मार्च २०२६ ही तारीख केव्हाच जाहीर करून टाकली होती.

लष्कराची देणगी, कॅप्टन कर्कचा आवाज

ग्रास हे सॉफ्टवेअर तर या सगळ्यांचे आजोबाच! अमेरिकी लष्कराच्या अभियंता विभागाच्या प्रयोगशाळेत १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याचा जन्म झाला. १९८७ मध्ये त्याची ओळख करून देणारी फिल्म निघाली, तिचं निवेदन केलं 'स्टार ट्रेक'मधल्या कॅप्टन कर्कने, म्हणजे विल्यम शॅटनर यांनी. पाणलोट आखणं, उतार काढणं यात आजोबा अजून पक्के आहेत. क्यूजीआयएसमधूनही त्यांना कामाला लावता येतं.

'गाव' मावतं, 'तालुका' मावत नाही

मराठीत काम करणाऱ्यांनी हे वाचायलाच हवं. शेपफाइल हा नकाशाच्या फाइलींचा सगळ्यांत पसरलेला प्रकार. नाव एका फाइलीचं, पण प्रत्यक्षात किमान ३ फाइली एकत्र नांदतात. मेलवर त्यातली एकच पाठवली की पलीकडच्याला काहीच उघडत नाही. त्यातला माहितीचा तक्ता डीबेस या जुन्या डेटाबेस सॉफ्टवेअरच्या काळातला असल्यामुळे रकान्याच्या नावाला १० बाइटची मर्यादा आहे. इंग्रजीत १० अक्षरं बसतात. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला आणि प्रत्येक काना-मात्रा-वेलांटीला ३ बाइट लागतात. 'गाव' म्हणजे ग, काना आणि व. झाले ९, मावलं! 'तालुका'ला १८ लागतात. मग शेपूट तुटतं आणि तक्त्यात अर्धवट नावं उरतात.

उपाय सोपा आहे: जिओपॅकेज वापरा. २०१४ मध्ये मानक ठरलेला हा प्रकार, सगळं एकाच फाइलीत, आणि मराठी नावं हवी तेवढी लांब. क्यूजीआयएस ३ मध्ये नवा थर साठवताना पहिला पर्याय तोच येतो. आपल्या भाषेत निर्धास्त लिहिता येणं ही चैन नाही, गरज आहे. गावोगावच्या पोरांना 'गट नंबर' हा रकाना 'गट नंबर' म्हणूनच लिहिता आला पाहिजे.

विदर्भाचे दोन पट्टे

मीटरमध्ये अंतर मोजायचं तर जगाचे ६-६ अंशांचे ६० पट्टे पाडलेले आहेत. त्यांना यूटीएम म्हणतात. ७८ रेखांशाची रेघ विदर्भातून जाते. त्यामुळे मुंबई, पुणे, अमरावती ४३ व्या पट्ट्यात, तर वर्धा आणि नागपूर ४४ व्यात! सॉफ्टवेअरमध्ये त्यांचे कोड ३२६४३ आणि ३२६४४. आता नागपूरचे आकडे चुकून ४३ चा कोड देऊन उघडा. शहर बरोबर ६ अंश पश्चिमेला सरकतं आणि येऊन बसतं गुजरातमध्ये, १९२८ च्या सत्याग्रहाच्या बार्डोलीजवळ. गंमत म्हणजे नकाशा दिसायला अगदी शहाणा दिसतो. म्हणून पाठीमागे ओपनस्ट्रीटमॅप या मोफत जगनकाशाचा थर लावायची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या.

क्षेत्रफळाचंही तसंच. वेबवरचे बहुतेक नकाशे ज्या प्रक्षेपणात, म्हणजे गोल पृथ्वी सपाट करायच्या पद्धतीत असतात, त्याचा कोड ३८५७. त्याच सपाट कागदावर मोजलं तर पारनेरची १०० एकर जमीन ११२ भरते, नागपूरची ११५. बेअर आयलंडवर तर जवळजवळ १४ पट! क्यूजीआयएसमध्ये क्षेत्रफळाची दोन सूत्रं आहेत. डॉलरचं चिन्ह लावलेलं सूत्र प्रकल्पात पृथ्वीचा जो आकार ठरवलाय तो धरून मोजतं, बिनडॉलरचं सपाट कागदावर मोजतं. सातबाऱ्याशी ताळा घेताना हा फरक विसरलात तर बांधावर भांडण ठरलेलं.

जुनी टोपोशीट आणि हिंगणघाट

सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या टोपोशीटवर एव्हरेस्ट यांच्या मापाची पृथ्वी आहे, मोबाइलच्या जीपीएसमध्ये वेगळी. हा फरक न सांगता टोपोशीट चढवली तर आपल्याकडे ती शंभरएक मीटर सरकते. देऊळ ओढ्यात जायला तेवढं पुरे! एव्हरेस्ट यांचं हे माप ज्यातून आलं, त्या भारताच्या महामोजणीला १८०२ मध्ये मद्रासजवळ हात घातला विल्यम लॅम्ब्टन यांनी. ते वारले १८२३ मध्ये, आपल्या हिंगणघाटला, मोजणी चालू असतानाच. नंतर धुरा जॉर्ज एव्हरेस्ट यांच्याकडे गेली.

आणि गूगल अर्थ?

किल्ले, वाटा, पाणवठे नुसते टिपायचे असतील तर जरूर वापरा. त्याची प्रो आवृत्ती एकेकाळी वर्षाला ३९९ डॉलरला मिळायची, २०१५ पासून ती मोफत आहे. त्याच्या केएमएल फाइलीतला 'के' म्हणजे कीहोल, गूगलने २००४ मध्ये विकत घेतलेली मूळ कंपनी. त्या फाइली क्यूजीआयएसमध्ये सरळ उघडतात, त्यामुळे केलेलं काम वाया जात नाही.

सॉफ्टवेअर कोणतंही असो, नुसता रंगवलेला नकाशा पाहून मात्र डोळे फसतात. डेंगीचे रुग्ण काही प्रभागांत खरंच एकवटलेत की नुसतं तसं वाटतंय? याला विश्लेषण लागतं, आणि त्यासाठी लूक अॅन्सेलिन यांच्या चमूने बनवलेलं जिओडा आहे. तेही मोफत. प्रभागांचा थर उघडा, शेजारी कोणाला म्हणायचं ते ठरवा आणि 'मोरान' निर्देशांक काढा. शून्याच्या पुरेसा वर गेला तर सारखे आकडे शेजारीशेजारी बसलेत, शून्याजवळ राहिला तर कसेही विखुरलेले आहेत. लोकसंख्येचा रकाना आधी जोडून दर हजारी प्रमाण काढा, नाहीतर मोठा प्रभाग दर वेळी लालच दिसेल.